क्लासिक गाडीच्या व्हील वेलसाठी दाणेदार अंडरकोटिंग: काय निवडायचं, कसं मारायचं

गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असताना टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटला, तर तो जवळजवळ त्याच वेगाने मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर आदळतो. चाकाभोवतीची ही पोकळी, म्हणजे व्हील वेल, असा मार वर्षानुवर्षं खात असते. शिवाय कमानीच्या आतल्या कडेत ओला चिखल बसतो. तो वरून वाळलेला दिसला तरी आतून बरेच दिवस दमट राहतो. म्हणून जुन्या गाड्या सगळ्यात आधी इथेच सडतात. दाणेदार अंडरकोटिंगने खड्याचा मार शोषायचा आणि पाण्याला पत्र्यापर्यंत पोहोचू द्यायचं नाही, एवढीच अपेक्षा असते.

नवीन माणूस बहुधा पोत बघून माल निवडतो: बारीक रवाळ की जाड दाणा, काळा की करडा. निवडीचा क्रम उलटा असायला हवा. आधी पत्र्यावर आत्ता काय आहे ते बघा. मग त्यावर काय पक्कं धरेल ते ठरवा. मग पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तर तो थर काढता आणि पुन्हा लावता येईल का, याचा विचार करा. पोत सगळ्यात शेवटी येतो आणि तो बराचसा डब्यात नसतो, फवारणीच्या गनच्या दाबात असतो.

मूळ थर कोणता होता

खरवडायला घेण्याआधी चाक काढून चांगल्या उजेडात फोटो घ्या. विशेषतः मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यातले, स्प्रिंगच्या बैठकीमागचे आणि ब्रेक पाइपच्या क्लिपखालचे. मूळ फिनिश टिकून राहतं ते अशाच ठिकाणी.

ब्रेक पाइप, बोल्टची डोकी, क्लिपा असं सगळं एकाच काळ्या थराखाली गाडलेलं असेल, तर तो थर गाडी जोडून झाल्यावर बाहेर कुठेतरी मारलेला आहे. कारखान्यातला थर सुटे भाग बसवण्याआधीचा असतो, त्यामुळे क्लिप काढली की तिच्याखालीही तो सापडतो. १९६० च्या दशकातल्या फोर्ड मस्टँगसारख्या अनेक अमेरिकन गाड्यांत आवाज दाबणारा काळपट थर आधी मारला जाई आणि रंगाचा फवारा नंतर, म्हणून व्हील वेलच्या कडेला काळ्या दाण्यावर बॉडीच्या रंगाची विरळ झाक दिसते. अशी गाडी मूळ अवस्थेत आणायची असेल तर सरसकट काळा चकचकीत थर तिथे परका वाटतो. कुठे थर होता, कुठे नुसता रंग होता, किती जाड होता, हे फोटोत टिपून ठेवा. मोजपट्टी शेजारी धरून काढलेला दाण्याचा जवळचा फोटो पुढे फार उपयोगी पडतो.

पत्रा कसला आहे हेही पाहून घ्या. साधं स्टील असेल तर खाली दिलेली पद्धत जशीच्या तशी चालते. पोर्शे ९११ ला १९७६ च्या मॉडेलपासून जस्त चढवलेला पत्रा आहे. तिथे जाड पॉलिश पेपरने घासत बसलात तर गंज रोखणारं जस्तच निघून जाईल, म्हणून फक्त चमक मरेल इतकंच घासायचं. जुन्या लँड रोव्हरचे पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचे आणि चासी स्टीलची असते. हे दोन धातू जिथे टेकतात तिथे ओलाव्यामुळे अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून पोखरलं जातं, म्हणून दोघांच्या मध्ये प्रायमर आणि सीलरचा अखंड थर हवा. कॉर्व्हेटसारख्या फायबरग्लासच्या बॉडीत गंजाचा प्रश्न नाही. तिथे खड्याच्या माराने चांदणीसारख्या तडा जातात, म्हणून लवचिक थर लागतो.

जुना थर ओळखायची सोपी चाचणी

पांढऱ्या चिंधीवर थोडं टर्पेंटाइन घेऊन जुन्या थरावर अर्धा मिनिट चोळा. चिंधी तपकिरी-काळी झाली तर थर डांबरी. काहीच उतरलं नाही आणि नखाने दाबल्यावर रबरासारखा दबून परत वर आला, तर तो पीव्हीसी किंवा सिंथेटिक रबराचा. नखाला चिकट मेण लागलं तर कोणीतरी गंजरोधक मेण फवारलेलं आहे. मेण आणि डांबर यांवर नवीन कोटिंग धरत नाही. ते पूर्ण काढावंच लागतं. पीव्हीसी मात्र घट्ट असेल, कडा उचललेल्या नसतील आणि टोचल्यावर खालून गंजाची पूड येत नसेल, तर तो राहू द्यावा. कारखान्यात भट्टीत भाजलेल्या त्या थराइतकं घट्ट घरी काही बसत नाही.

एक धोका आधीच सांगायला हवा. काही जुन्या अंडरकोटिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत आणि त्याखालचा जुना शेंदरी प्रायमर शिशाचा असू शकतो. त्यामुळे गाडी जुनी असेल तर ग्राइंडर लावून धूळ उडवू नका. नमुना तपासून घेता आला तर उत्तम. तोवर थर ओला ठेवून हाताने खरवडायचा, पी३ दर्जाचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) मास्क लावायचा, आणि निघालेला चुरा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बंद करायचा.

बाजारात मिळणारे प्रकार आणि त्यांतला फरक

डांबरी किंवा रबर मिसळलेलं डांबरी कोटिंग सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारं. ब्रशने लावता येतं, फवाऱ्याच्या डब्यातही मिळतं. सुरुवातीला ते मऊ असतं. हळूहळू त्यातलं द्रावण उडून जातं, थर आकसतो, कडक होतो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत शिरतं आणि थराच्या पाठीमागे अडकून बसतं. वरून सगळं काळं, नीटनेटकं दिसत असतं आणि आत पत्रा पोखरत असतो. जुन्या गाड्यांच्या व्हील वेलचा सगळ्यात जास्त घात या दिखाऊ काळ्या थराने केला आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यावर रंगही मारता येत नाही, डांबर रंगातून वर येऊन पिवळट-तपकिरी डाग पाडतं. स्पर्धेसाठी किंवा प्रदर्शनासाठी अगदी मूळ मालच हवा असेल तरच डांबरी घ्या, आणि तेही उघड्या पत्र्यावर कधीच नको, खाली इपॉक्सी प्रायमर हवाच.

सिंथेटिक रबर किंवा रेझिनवर आधारलेलं, रंग घेणारं स्टोनचिप कोटिंग हा दुसरा प्रकार. यात हार्डनर (थर घट्ट करणारा दुसरा घटक) मिसळावा लागत नाही, ते हवेत वाळतं. एक लिटरच्या बाटलीत येतं आणि ती बाटली थेट शुट्झ गनला, म्हणजे असा जाड माल फवारायच्या गनला, फिरवून लागते. शुट्झ हा जर्मन शब्द, अर्थ संरक्षण. ग्रॅव्हिटेक्स, बॉडी शुट्झ ही या जातीतली ओळखीची नावं. थर लवचिक राहतो, दाणा गनवर ठरवता येतो आणि पुढे दुरुस्ती सोपी जाते. मात्र या नावांखालची प्रत्येक बाटली रंग घेणारी असते असं नाही. बाटलीवर 'रंग मारता येतो' असं स्पष्ट लिहिलेलं पाहूनच घ्या.

तिसरा प्रकार दोन घटकांचा पॉलियुरेथेन बेडलायनर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात मारतात तो. रॅप्टरच्या बाटलीत ७५० मिलि राळ असते आणि त्यात २५० मिलि हार्डनर ओततात, म्हणजे प्रमाण ३:१. हा थर अतिशय कणखर असतो, पेट्रोल किंवा ब्रेक ऑइलच्या थेंबांनाही बराच दाद देत नाही. पण त्याचा कणखरपणाच कधीकधी अडचण होतो. खाली एक कोपरा गंजला तरी वरचा थर ताठ उभा राहतो, त्यामुळे बिघाड उशिरा कळतो. काढायचा झाला तर तासन्‌तास जातात. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना त्याची वाफ आणि तुषार फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. ती सोय नसेल तर हा प्रकार फवारू नका. रोलरने लावला तर तुषार उडत नाहीत, पण वाफेपासून बचाव म्हणून खेळती हवा, हातमोजे आणि योग्य फिल्टरचा मास्क तरीही लागतोच.

मेण आणि लॅनोलिनची उत्पादनं गंज रोखण्यात उत्तम, पण ती दाणेदार नसतात आणि खड्याचा मारही झेलत नाहीत. त्यांची जागा सगळ्यात शेवटी, पोकळ्यांत आणि कडांवर. ती आधी फवारली तर पुढचं काहीच चिकटणार नाही.

पहिल्यांदाच हे काम करत असाल, गाडी रस्त्यावर चालवायची असेल आणि पत्रा स्टीलचा असेल, तर आमची शिफारस अशी: इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत पॉलियुरेथेन सीलर, त्यावर रंग घेणारं एकघटकी स्टोनचिप आणि वरून गाडीचा रंग किंवा अर्धचकचकीत काळा. बेडलायनर खडबडीत रस्त्यांवर सतत चालणाऱ्या गाडीसाठी ठेवा, आणि तोही पत्रा पूर्ण उघडा करून नव्याने प्रायमर केलेला असेल तरच.

किती माल लागतो

मध्यम आकाराच्या गाडीच्या एका व्हील वेलचं क्षेत्रफळ साधारण ०.६ ते ०.९ चौरस मीटर भरतं. चारही मिळून ३ चौरस मीटर धरा. एका हाताला ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) ओला थर धरला तर एका लिटरमध्ये २.५ चौरस मीटर होतात. दोन हात म्हणजे ८०० मायक्रॉन, म्हणजे ३ चौरस मीटरला २.४ लिटर. फवारा इकडे तिकडे उडण्यात सुमारे ३० टक्के जातो, त्यामुळे गरज ३.४ लिटरच्या घरात जाते. चार बाटल्या घ्या. वाळल्यावर यातला साधारण निम्मा थर उरतो, म्हणजे ४०० मायक्रॉन, आणि व्हील वेलला तेवढा पुरेसा आहे.

हेच काम फवाऱ्याच्या डब्यांनी करायचं म्हटलं तर हिशेब बदलतो. ५०० मिलिच्या डब्यात मोठा वाटा ढकलणाऱ्या वायूचा आणि द्रावणाचा असतो. चार व्हील वेलना दहा-बारा डबे सहज संपतात, दाणाही डब्यागणिक बदलतो. एखादा ठिगळ दुरुस्त करायचा असेल तर डबा ठीक, पूर्ण कामाला नको.

पत्रा तयार करणं

बहुतेक वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. गाडी पक्क्या सपाट जमिनीवर चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका.

आधी भरपूर पाण्याने चिखल काढून दोन दिवस वाळू द्या. मग डांबरी थर असेल तर हीट गनने हलकं गरम करून रुंद पटाशीने उचला. थर मऊ पडला की पुरे; धूर यायला लागला तर जास्त तापवलं. अ‍ॅस्बेस्टॉसची शंका असलेल्या थराला हीट गन लावू नका. पेट्रोलच्या टाकीची नळी अनेक गाड्यांत मागच्या व्हील वेलमधूनच जाते, तिथे उष्णता आणि ठिणगी दोन्ही टाळायची. शक्य असेल तर ती नळी आधी काढून तोंड बंद करा. राहिलेला चिकटपणा टर्पेंटाइनने पुसा.

गंज काढताना तारेच्या चाकाचा मोह होतो, कारण पत्रा पटकन चमकतो. ती चमकच अडचणीची आहे. तारेने पत्रा गुळगुळीत होतो आणि प्रायमरला धरायला काही उरत नाही, गंजही खड्ड्यांत चोपला जातो. तारेनंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-उभं घासून ओरखडे पाडा. खोल खड्डे पडलेले असतील तर त्या भागाचं सँडब्लास्टिंग करून घेणं सगळ्यात चांगलं. ब्लास्ट केलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवू नका आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, कारण दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. पटाशीचं टोक दाबल्यावर आत जात असेल, तर तो पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा. कोटिंगने सडका पत्रा सावरत नाही. वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरपर्यंत जुना थर काढलेला हवा, नाहीतर तो पेट घेतो.

खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्याचा अंश राहिलेल्या जागी इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही आणि नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. पाण्याने धुऊन, लगेच वाळवून, पुन्हा घासून मगच पुढे जा.

शेवटी ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने दोन फडक्यांची पद्धत वापरा. एक ओलं फडकं पुढे, दुसरं कोरडं लगेच मागोमाग. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल फक्त पसरतं.

प्रायमर आणि सांधे

दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात मारा, वाळलेली जाडी ५० ते ७५ मायक्रॉन. साधा रेड ऑक्साइड इथे पुरत नाही. तो पाणी शोषतो आणि वरच्या कोटिंगमधल्या द्रावणाने फुगतो. इपॉक्सीवर पुढचा थर किती वेळात मारायचा याची मुदत प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेली असते. त्या मुदतीत मारलं तर दोन थर रासायनिकदृष्ट्या एकमेकांना धरतात. मुदत टळली तर लाल स्कॉचब्राइटने (घासायच्या जाळीदार पॅडने) किंवा १८० ते २४० नंबरच्या पेपरने चमक मारून घ्या.

प्रायमर वाळल्यावर सांधे. आतला आणि बाहेरचा पत्रा स्पॉट वेल्डने जोडला आहे ती कमानीची कड, मडगार्ड आणि आतली भिंत मिळते ती रेघ, स्प्रिंगच्या बैठकीभोवतीचा कोपरा, या सगळ्यांत पॉलियुरेथेन सीलर भरून ब्रशने दाबून पसरवा. एकघटकी सीलर हवेतल्या ओलाव्याने वाळतो, दिवसाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने, म्हणून जाड गोळे करू नका. सिलिकॉन सीलर या जागेत आणूच नका. त्याच्यावर काहीही चिकटत नाही आणि त्याचा अंश लागलेल्या जागी कोटिंग माशाच्या डोळ्यासारखं गोल गोल फाटतं.

सीलर भरण्याच्या भरात पाणी निघायच्या वाटा बुजवू नका. कमानीच्या खालच्या टोकाला, सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) तोंडाशी, दिव्यांच्या वाटीखाली कारखान्याने मुद्दाम सोडलेली भोकं असतात. त्यांत लाकडी टूथपिक किंवा फोमचे इअरप्लग खुपसून ठेवा आणि कोटिंग ओलं असतानाच काढा.

काय झाकायचं

ब्रेकची डिस्क किंवा ड्रम, हब, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा, रबरी बुश, रबरी ब्रेक होज, ब्लीडर निपल, वायरिंग आणि आटे असलेले सगळे बोल्ट. रबरी होजवर कोटिंग बसलं तर पुढे तिला पडणाऱ्या चिरा दिसणार नाहीत, आणि ती चीर कळेल ती ब्रेक गेल्यावर. चासी नंबर या भागात कोरलेला असेल तर तो काळजीपूर्वक झाका. जाड थराखाली गेलेला नंबर कागदपत्रांच्या वेळी भारी पडतो. एक्झॉस्ट ज्या ठिकाणी पत्र्याच्या अगदी जवळून जातो तिथे डांबरी किंवा रबरी थर नको, तो पघळतो आणि वास मारतो. तिथे फक्त प्रायमर आणि उष्णता सोसणारा रंग ठेवा.

बाहेरच्या मडगार्डच्या कडेला टेप लावताना बाहेरच्या बाजूने कडेपासून २ ते ३ मिलिमीटर सोडून लावा, म्हणजे कोटिंग कडेला वळसा घेऊन थांबेल. नेमक्या कडेवर संपलेला थर तिथूनच उचलतो.

पोत: दाब, अंतर आणि जाडी

पोत ठरवताना हे विसरू नका की जाड दाणा जास्त चिखल धरून ठेवतो आणि धुवायला त्रास देतो. म्हणून टायरच्या थेट माऱ्यात येणाऱ्या पट्ट्यात बारीक ते मध्यम रवाळ पोत बरा. संत्र्याच्या सालीसारखा गुळगुळीत उंचसखलपणा वापरायच्या गाडीला सगळ्यात चांगला. जाड खरखरीत दाणा फक्त मूळ गाडीवर तसा होता म्हणून करायचा.

शुट्झ गनला ३ बार (४५ पीएसआय) दाब ठेवला तर माल मोठ्या थेंबांत उडतो आणि दाणा जाड येतो. ५ बारला (७० पीएसआयच्या पुढे) थेंब फुटून बारीक होतात. अंतर २५ ते ३५ सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलात तर थेंब ओले पडतात, एकमेकांत मिसळून पोत बसतो आणि ओघळ येतात. ५० च्या पुढे गेलात तर थेंब हवेतच अर्धे वाळतात, वाळूसारखे बसतात. हाताने चोळलं की झडतात. बऱ्याच जणांना हा वाळूचा पोत आवडतो, पण तो थर खालून सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. दोन घटकांच्या बेडलायनरचं गणित वेगळं आहे, तिथे दाब थोडा कमी आणि अंतर ४५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. कंपनीने दिलेले आकडेच पाळा.

कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी गाळणारा फिल्टर लावाच. नळीतून आलेला एक थेंब कोटिंगखाली फोड बनून राहतो.

गाडीवर हात घालण्याआधी वाया गेलेल्या पत्र्याचा तुकडा घ्या, त्यालाही तसाच प्रायमर मारा आणि ३, ४ आणि ५ बारला तीन पट्टे फवारा. मूळ दाण्याच्या फोटोशी ताडून बघा. वाळल्यावर तो पत्रा ९० अंशांत वाकवा. थराला भेग पडली तर तो जाड झाला आहे किंवा अजून वाळलेला नाही. मग ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर चौकटी कापून त्यावर चिकट टेप दाबून झटक्याने ओढा. चौकटी टेपला चिकटून आल्या तर दोष प्रायमरमध्ये किंवा साफसफाईत आहे. या छोट्या चाचणीने आठवड्याचं काम वाचतं. ती टाळू नका.

फवारणीचा दिवस

हवा कोरडी हवी, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त. पत्रा हाताला गार-दमट लागत असेल तर थांबा. बाटल्या आदल्या दिवसापासून २० ते २५ अंशांच्या खोलीत ठेवा. गार माल घट्ट असतो आणि गनमधून गोळे फेकतो. फवारण्याआधी प्रत्येक बाटली पूर्ण दोन मिनिटं हलवा, तळाशी बसलेला भराव वर यायला तेवढा वेळ लागतो.

आधी कोपरे, सांधे आणि स्प्रिंगच्या बैठकीची मागची बाजू. मोकळी कमान शेवटी. उलट केलं तर कोपऱ्यांपर्यंत पोहोचता पोहोचता कमानीवर दुप्पट माल बसतो. पहिला हात विरळ, खालचा प्रायमर अधूनमधून दिसेल इतका. १५ ते ३० मिनिटांनी, बोटाला चिकटेल पण माल लागणार नाही अशा वेळी दुसरा भरीव हात. टायरच्या थेट माऱ्यातल्या पट्ट्यावर हवा तर तिसरा. गन सतत हलती ठेवा, मनगट न वळवता पूर्ण हात फिरवा.

एकाच हातात जाड थर उरकण्याची घाई सगळ्यात जास्त कामं बिघडवते. वरची साय धरते, आतलं द्रावण अडकून पडतं, थर आठवडाभर मऊ राहतो आणि मग उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसा भेगाळतो. हा थर वाळायची वाट पाहून उपयोग नाही, खरवडूनच काढावा लागतो.

टेप थर ओला असतानाच ओढा, कडेपासून मागे दुमडून. वाळल्यावर ओढला तर कड फाटते. तसं झालंच तर आधी ब्लेडने रेघ मारून घ्या. गन लगेच थिनरने धुवा. दोन घटकांचा माल मिसळल्यावर साधारण तासाभरात गनमध्ये दगड होतो.

वरून रंग मारायचा असेल तर माहितीपत्रकातली वेळ पाळा. मूळ गाडीसारखी विरळ झाक हवी असेल तर रंग बाहेरून आत, तिरक्या कोनाने, दूरवरून मारायचा, म्हणजे तो दाण्याच्या एकाच बाजूवर बसतो. चाकं लावायला एकघटकी थराला किमान २४ तास द्या, गार हवेत ४८. खडीच्या रस्त्यावर पहिला आठवडा जाऊ नका.

नंतर बघायच्या गोष्टी

थर पूर्ण वाळल्यावर कमानीच्या कडेला, स्प्रिंगच्या बैठकीत आणि सिलच्या तोंडाशी पारदर्शक मेणाचा पातळ फवारा द्या. रंग आणि पोत झाकला जात नाही, आणि खड्याने कुठे बारीक चीर पडलीच तर मेण तिथे पाणी थांबवतं.

वर्षातून दोनदा व्हील वेल आतून धुवा. प्रेशर वॉशर वापरत असाल तर नोझल कडांपासून ३० सेंटिमीटर तरी लांब. जवळून मारलेली धार उचललेल्या कडेखाली पाणी ढकलते. वाळल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने हलकेच ठोकत जा. घट्ट जागी आवाज ठणठणीत येतो, सुटलेल्या जागी भद्द. भद्द आवाज आला तिथे गोलाकार कापून तो भाग काढा, कारण चौकोनी कापाच्या कोपऱ्यांतून थर पुन्हा सुटायला लागतो. पत्रा घासा, इपॉक्सी मारा, कडा ८० नंबरच्या पेपरने उतरत्या करा आणि नवा माल जाड केसांच्या ब्रशने टोचे मारत लावा. टोच्यांनी आलेला दाणा फवाऱ्याच्या दाण्याशी बऱ्यापैकी जुळतो. रंगाचा एक हात वरून गेला की जोड हुडकावा लागतो.